घर राखणाऱ्या बाईची घरफोडी

आमच्या खोऱ्यात कुणी मेलं की पहिला फोन पाद्रीबाबाला जायचा आणि दुसरा ओमा मावशीला. सगळं कुटुंब दफनाला जातं तेव्हा घरात कुणीतरी थांबावं लागतं. अंत्यविधीची वेळ पेपरात छापून येते, आणि ती वाचून रिकाम्या घरात हात मारणारे नालायक केंटकीच्या डोंगरातही आहेत. म्हणून एक भरवशाचं माणूस मागं बसवायचं. शेजारणी जेवणाची भांडी आणतात ती उतरवून घ्यायची, फोन घ्यायचा, कुत्र्याला बाहेर सोडायचं, आणि माणसं मातीहून परत येतील तेव्हा कॉफी गरम असली पाहिजे.

हे काम ओमा मावशीनं अख्खा जन्म केलं. त्यामुळे तिनं स्वतः दफनं फारशी पाहिलीच नाहीत. खोऱ्यातली अर्धी माणसं मातीआड झाली तेव्हा ही त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून त्यांच्या फ्रिजमधलं नासलेलं दूध ओतून देत होती. एका पैशाची वस्तू कुणाची कधी हलली नाही. आणि ह्या बाईवर सरकारनं घरफोडीचा गुन्हा लावला. तोही साधासुधा नाही, पहिल्या दर्जाचा.

मी व्हेस्टा. कोर्टासमोर माझी खानावळ आहे. घेवड्याची आमटी, मक्याचा पाव, तळलेलं डुक्कर आणि रविवारी कोंबडी. वकील, पोलीस, आरोपी, साक्षीदार, सगळे माझ्याकडेच जेवतात, आणि जेवताना माणूस मोठ्यानं बोलतो. त्यामुळे गुन्ह्यांचे दर्जे मला पाठ आहेत. माझा बाप तंबाखू पिकवायचा. बाजारात नेण्याआधी पानांची प्रतवारी करायचा, खालचं पान वेगळं, मधलं वेगळं, शेंड्याचं वेगळं. कोर्टातही तसंच चालतं. फरक एवढाच, की बाप प्रत्येक पान हातात घेऊन, उजेडात धरून बघायचा. कोर्टात कुणी उजेडात धरत नाही.

आणि ही उलटी मोजणी तर बघा. हात भाजला आणि दवाखान्यात गेलं की पहिल्या दर्जाचं भाजणं म्हणजे सगळ्यात हलकं, मलम लावून घरी पाठवतात. कोर्टात पहिला दर्जा म्हणजे सगळ्यात भारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओमा मावशी म्हणाली होती, "पहिला नंबर? मला तर शाळेत कधी आला नाही!"

बाईचं तोंड असं. शाळेची पिवळी बस चालवायची. डोंगराच्या वळणांवर एक हात चाकावर आणि दुसरा मागच्या पोरांना दम द्यायला. आज आमच्या गावात जो कुणी चाळिशीच्या आत आहे त्यानं तिच्या शिव्या खाल्ल्यात आणि तिच्या डब्यातली बिस्किटंही खाल्लीत. नात्याची असो नसो, सगळ्यांची ती मावशी. नवरा लॉनी कोळशाच्या खाणीत होता. फुप्फुसं काळी करून घरी बसला, नाकात ऑक्सिजनची नळी. त्याला अंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं हीच करायची, आणि वर त्याला म्हणायची, "मेल्या, तुला लग्नात उचलून न्यायला सांगितलं होतं मला, आता मीच तुला उचलतेय." लॉनी हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

दुःखाच्या घरी बसायला गेली की मावशी एक काम न सांगता करायची. घरातली बंदूक बाहेर काढायची. पिस्तूल असो, शिकारीची दुनळी असो, जे असेल ते. धुण्याच्या टोपलीत कपड्यांखाली घालायची, नाहीतर रिकाम्या भांड्यात ठेवून वर पंचा टाकायची, आणि आपल्या घरी नेऊन ठेवायची. महिना जायचा, दोन महिने जायचे, घरातल्या माणसाच्या डोळ्यांत पुन्हा जीव आला असं वाटलं की नेऊन द्यायची. कुणी चकार शब्द काढायचं नाही. काहींना तर बंदूक गेलेली कळायचीही नाही, इतके ते स्वतःत नसायचे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईचं दफन झालं त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ डेल्बर्ट सगळ्यांच्या आधी घरी परतला. घरात कुणी बसलेलं नव्हतं, आणि बापाची बंदूक भिंतीवर होती. एवढंच ती सांगायची, आणि मग विषय बदलायची. आम्हीही पुढं विचारायचो नाही.

माझा थोरला पुरात वाहून गेला तेव्हा तिनं माझ्या घरातून तीन बंदुका नेल्या. माझा नवरा कार्ल तेव्हा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. एका सकाळी तो उठला आणि कपाट उघडून उभा राहिला. कपाट रिकामं होतं. तो तिथंच खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. तो कार्ल आज माझ्या खानावळीत मागं कांदे चिरतोय आणि कांद्याच्या भावावरून माझं डोकं खातोय.

आता रॉसचं सांगते. रॉस टॅकेट आमच्याकडचा नव्हे, लग्न करून इथं आलेला. त्याची बायको, केली नावाची, आमच्या खोऱ्यातली. तिची गाडी बर्फात वळणावरून खाली गेली. दफनाच्या दिवशी ओमा मावशी त्याच्या घरी बसली, नेहमीसारखी. तिनं पलंगाशेजारच्या टेबलावर पिस्तूल बघितलं, भरलेलं. बाजूला दारूची बाटली, आणि केलीचा फोटो पालथा घातलेला. त्या दिवशी तिला ते नेता आलं नाही, कारण रॉस अर्ध्यातूनच परत आला. तेव्हा तिनं सरळ विचारलं.

"पोरा, हे थोडे दिवस माझ्याकडे राहू दे."

"माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," रॉस ओरडला. "निघा इथून. आणि परत ह्या घरात पाऊल टाकलंत तर बघा."

दुसरा कुणी असता तर गप घरी बसला असता. मावशी दुसऱ्या दिवशी त्याची गाडी दफनभूमीकडे गेलेली बघून पुन्हा गेली. मागचं दार उघडंच होतं, आमच्याकडे मागच्या दाराला कुलूप लावतं कोण? लोकांची जेवणाची भांडी परत करायची म्हणून ती गोळा केली, आणि तिच्या निळ्या झाकणाच्या भांड्यात ते पिस्तूल ठेवून घरी आली.

रॉस परतला, टेबल रिकामं बघितलं, आणि त्यानं पोलिसांना फोन केला. त्याला मी दोष देत नाही. त्या वेळी तो शुद्धीवर नव्हता, आणि आमची रीत त्याला ठाऊक नव्हती.

पोलीस म्हणून आला जेसी. तोही तिच्याच बसमध्ये वाढलेला. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मावशी, रॉसचं पिस्तूल तुझ्याकडे नाहीये ना? नाही म्हण आणि मी जातो."

"आहे की. पिठाच्या डब्यामागं. नाही कशाला म्हणू?"

"मावशी, असं सांगू नकोस ना! मला लिहावं लागेल."

"मग लिही. शाळेत तुझं अक्षर घाण होतं, आता सुधारलं का बघू दे."

जेसीनं लिहिलं. त्यानं लिहिताना चोरी एवढंच लिहिलं होतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पण कागद सरकारी वकिलाकडे गेला. त्याचं नाव मी घेत नाही, माझं तोंड विटाळेल. निवडणूक जवळ आली होती आणि 'गुन्हेगारीला दया नाही' असे त्याचे फलक रस्त्यावर लागले होते. त्यानं नियम वाचला आणि पहिला दर्जा लावला.

मावशीला सरकारनं दिलेली वकील म्हणजे मेरेडिथ, कॉलेजातून नुकतीच आलेली पोरगी. पोरगी चांगली होती, पण एकटीच्या डोक्यावर गावभरच्या केसेस. माझ्या खानावळीत बसून तिनं आम्हाला समजावलं.

"परवानगी नसताना, गुन्हा करायच्या इराद्यानं आत शिरणं म्हणजे घरफोडी. दुकान, गोठा असं काही असेल तर तिसरा दर्जा. माणसं राहतात ते घर असेल तर दुसरा. आणि आत असताना जवळ हत्यार असेल तर पहिला."

"पण हत्यार तिचं नव्हतंच!" मी म्हणाले. "ती मोकळ्या हातांनी गेली होती. ते तिथलंच उचललं तिनं."

"ते कुठून आलं हे कायदा विचारत नाही, व्हेस्टाताई. घरातून निघताना ते त्यांच्याजवळ होतं. इथं तसे निकाल झालेत."

"आणि टीव्ही उचलला असता तर?"

"दुसरा."

"त्याच्या मेलेल्या बायकोचे दागिने उचलले असते तर?"

"तरी दुसराच."

"म्हणजे चोर परवडला!" आतून कार्ल ओरडला.

ओमा मावशी आमटीत पाव बुडवत होती. "पहिल्या दर्जाला किती?" तिनं विचारलं.

"दहा ते वीस वर्षं."

मावशीनं पाव ताटलीत ठेवला. "लॉनीला कोण बघेल?"

तिनं दुसरं काहीच विचारलं नाही, आणि पुढं जे झालं ते सगळं ह्या एका प्रश्नामुळे झालं. मेरेडिथ म्हणाली की चोरीचा इरादा नव्हता हे ज्युरीला सांगता येईल, पटेलही. पण नाही पटलं तर पहिल्या दर्जात दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही. लॉनीकडे दहा महिने तरी होते का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. दहा वर्षांचा जुगार ती कशाच्या जोरावर खेळणार?

मधल्या काळात रॉस शुद्धीवर आला. हडकलेला, दाढी काढलेला, असा एका दुपारी तो खानावळीत शिरला आणि सरळ सरकारी वकिलाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. तो माणूस लोण्याचा केक खात होता.

"मला तक्रार मागं घ्यायचीय," रॉस म्हणाला.

"तक्रार तुमची नाहीये. खटला राज्याचा आहे."

"साहेब, ते पिस्तूल त्या रात्री तिथं असतं तर मी आज इथं उभा नसतो. त्या बाईमुळे जिवंत आहे मी."

वकिलानं काटा खाली ठेवला, तोंड पुसलं. "ऐकून बरं वाटलं. पण मला एकच सांगा, तुम्ही त्यांना घरात यायची परवानगी दिली होती?"

"नाही," तो म्हणाला.

"झालं तर मग," म्हणून वकिलानं पुन्हा केक खायला घेतला. एक माणूस जिवंत समोर उभा होता, श्वास घेत होता, आणि त्याची नोंद घ्यायला त्या कायद्यात जागा नव्हती. त्या दिवसापासून त्या वकिलाला माझ्याकडे केक मिळत नाही. मागितला की संपला म्हणते, समोर काचेच्या कपाटात दिसत असला तरी. त्यानं काय करायचं ते करावं.

शेवटी तडजोड झाली. मावशीनं तिसऱ्या दर्जाची घरफोडी कबूल करायची, आणि सरकारनं तिला तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवायचं. सरकारी वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणत होता की आम्ही फार दया दाखवली, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर आणलं. मला तर त्याच्या तोंडावर आमटी फेकावीशी वाटली. कार्लनं माझा दंड धरून ठेवला होता.

न्यायाधीशानं विचारलं, "तुम्ही गुन्हा करायच्या इराद्यानं त्या इमारतीत शिरलात हे तुम्हाला कबूल आहे?"

मावशी उभी होती, चर्चचा निळा झगा घालून. जन्मात कधी खोटं बोलली नाही ती. पोलीस दारात आला तेव्हाही नाही. तिनं मागं वळून बघितलं. शेवटच्या बाकावर चाकाच्या खुर्चीत लॉनी होता, नळी लावलेला.

"हो," ती म्हणाली.

खरं बोलली तेव्हा अटक झाली, आणि खोटं बोलली तेव्हा सोडलं. ह्याला न्याय म्हणणाऱ्यांनी माझ्याशी वाद घालायला यावं, मी दुपारी मोकळीच असते.

सोडलं म्हणजे काय तर बस गेली. गंभीर गुन्हा कबूल केलेल्या बाईच्या हाती पोरं देत नाहीत. लॉनीची शिकारीची बंदूक घरातून काढून पुतण्याकडे पाठवावी लागली. आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं बजावलं की जिथं बंदूक आहे अशा घरात जायचं नाही, सापडलात तर शिक्षा चालू. आता आमच्या डोंगरात बंदूक नसलेलं घर कुठलं ते मला दाखवा. पाद्रीबाबाच्या घरीसुद्धा दोन आहेत. जी बाई खोऱ्यातल्या सगळ्या घरांत न बोलावता शिरू शकत होती, तिला एकाही उंबऱ्याच्या आत जायची सोय उरली नाही. लॉनी त्याच हिवाळ्यात गेला. त्याच्या दफनाला घर राखायला रॉस बसला होता. कॉफी त्यानं इतकी कडू केली की मावशी त्याही दिवशी त्याला चार शब्द सुनावून गेली.

पण त्याहून वाईट पुढंच होतं. खोऱ्याला कायदा कळला होता. आता बायका दुःखाच्या घरी जायच्या, जेवण ठेवायच्या आणि हात पदराखाली घेतल्यासारख्या बाजूला उभ्या राहायच्या. बंदूक कुठं आहे हे दिसत असलं तरी नजर वळवायच्या. "नको गं बाई, पहिला दर्जा लावतील," असं कुजबुजायच्या. इतक्या वर्षांची रीत, एका खटल्यानं मोडली.

मागच्या शरद ऋतूत ग्रेडी कॉर्नेटची मुलगी गेली, नशेच्या गोळ्यांनी, ऐन विशीत. मावशीच्या जागी आता मी घर राखायला बसते. दफनाला निघताना ग्रेडीच्या बायकोनं मला दाराआड ओढलं. "आमच्या खोलीत, पलंगाखाली," ती म्हणाली. "तो झोपत नाहीये, व्हेस्टा. पण राहू दे, नको हात लावूस. तो चिडला तर तुला कोर्टात खेचेल." आणि ती गेली.

मी पलंगाखाली वाकून बघितलं. पिस्तूल होतं. जेवण घेऊन आलेल्या दोघी शेजारणींना सांगितलं, तर एकीला घरी चूल चालू असल्याचं आठवलं आणि दुसरीला बिचारीला रडूच आलं. मी अंगणात आले.

पत्रपेटीपलीकडे, रस्त्याच्या कडेला, घडीच्या खुर्चीवर ओमा मावशी बसली होती. अंगावर लॉनीचा कोट. आत यायला बंदी, म्हणून आता ती बाहेरून घर राखते. कुणी मेलं की खुर्ची घेऊन येते आणि रस्त्यावर बसते. सरकारची बंदी जिथं संपते तिथं नेमकी.

"मावशी," मी म्हणाले, "काय करू?"

"मला विचारू नकोस. सांगूही नकोस काही. मी गुन्हेगार बाई आहे." तिनं कोटाची कॉलर वर केली. मग रस्त्याकडेच बघत म्हणाली, "कार्ल काय करतोय?"

"काय करणार? कांदे चिरतोय."

"बरं," मावशी म्हणाली.

मी आत गेले. ओट्यावर तिचंच निळ्या झाकणाचं भांडं होतं, कोर्टानं पुरावा म्हणून ठेवून घेतलेलं आणि नंतर परत केलेलं. त्यात तिनं सकाळी माझ्या हाती पुडिंग पाठवलं होतं. ते मी दुसऱ्या भांड्यात काढलं. रिकाम्या भांड्यात पलंगाखालचं पिस्तूल ठेवलं. झाकण लावून, वर पंचा टाकून मी अंगणातून खाली निघाले, आणि नेमकी तेव्हाच जेसीची गाडी परत आली. दफनाच्या पुढं पोलिसांची गाडी असते, तीच आधी माघारी येते.

तो खाली उतरला. भांड्याकडे बघितलं, निळ्या झाकणाकडे बघितलं. ते भांडं तो ओळखत होता, त्यानंच जप्त केलं होतं.

"काय आहे त्यात, व्हेस्टा?"

"केळ्याचं पुडिंग."

"जड दिसतंय."

"केळी बरीच घातलीत. आता लिही, कितव्या दर्जाचं पुडिंग ते. लिही ना!"

माझा आवाज चढला होता. जेसीचं तोंड लाल झालं. त्यानं मावशीकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती, जणू आम्ही दोघं तिथं नव्हतोच. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली, माझ्या गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "दोन्ही हातांनी धर. सांडेल."

मी भांडं सीटखाली ठेवलं. वळणावर गाड्यांची रांग दिसायला लागली होती, पहिल्या गाडीत ग्रेडी.

"व्हेस्टा," खुर्चीवरून मावशी ओरडली, बसमध्ये ओरडायची तशी, "उभी काय राहिलीस? कॉफी ठेव जा. माणसं आली."